आंजी / आचलचे बाबा

हिरवं कॅरेट, एक कोपरा तुटलेला. बाजूला लाल रंगात: लक्ष्मणराव, आंजी.

•

भेदरं म्हणजे टमाटर. सांबार म्हणजे कोथिंबीर. ज्याला जे म्हणायचं ते त्यानं म्हणावं, माल एकच.

•

आर्वीच्या बसमध्ये, मागच्या सीटवर:
"आमच्या घरचे वावरात गेले."
"आमच्या घरचे बी तिकडंच."

•

बैलांच्या शिंगांवरचा रंग अजून उतरला नव्हता.

•

/आंजी/काहीही

•

अन्नपूर्णाबाईंनी ढेमसं पिकवली. लोकांना दिसली वांगी.

•

नागपूरच्या कंपनीचा मेल: दसरा झाला की रुजू व्हा.


/पिपरी-मेघे/गोपिका

पिपरी मेघेतल्या भाड्याच्या घरात, ओट्याकडे पाठ करून बसलेली गोपिका एक फाईल वाचत होती आणि ती लिहिणाऱ्याला मनातल्या मनात शिव्या घालत होती. फाईल तिनंच लिहिलेली होती. त्यामुळे शिव्या फार लांब जात नव्हत्या.

काही वर्षांपूर्वी आर्वी रस्त्यावरच्या गावांतल्या भाजीवाल्यांच्या गटाला तिनं एक साईट बांधून दिली होती. साईटचं नाव 'वावर'. प्रत्येक घराचं एक पान. सकाळी त्या घरच्या वावरात काय तोडलं त्याचा फोटो आणि भाव त्या पानावर चढायचा. वर्ध्यातले मेसवाले, हॉटेलवाले, कॉलनीतल्या बाया आपापल्या ओळखीच्या घराचं पान उघडायच्या, मागणी टाकायच्या आणि बाजारात येऊन माल उचलायच्या. दलाल काय बोली लावतो म्हणून त्याच्या तोंडाकडे बघत उभं राहणं सुटलं होतं.

साईट सोपी होती. गुंता झाला तो पत्त्यांचा.

कुणी मोबाईलवर पत्ता टाकला, की साईट ही फाईल वरून खाली वाचत यायची. एक ओळ म्हणजे एक नियम: असा पत्ता आला तर अमुक पान दाखव. जो नियम आधी जुळेल तिथं वाचणं थांबायचं, खालचं खालीच राहायचं. सुरुवातीला नियम बोटांवर मोजता येतील इतके होते. मग फोन यायला लागले.

"ताई, लोक भेदरं लिहिते, पान टमाटरच्या नावानं हाये."

एक नियम.

"ताई, आमच्या गावात दोन तानबा हाये. गिऱ्हाईक त्याच्याकडं चाललं."

एक नियम.

"ताई, सांगता येत नाई, पण कायतरी करा."

एक नियम. कशाचा, हे आता तिला आठवेना.

असं करता करता फाईल वाढली. घाईत असताना एकदा तिनं मध्येच लिहून टाकलं होतं: /आंजी/काहीही, तर लक्ष्मणरावांचं पान दाखव. लक्ष्मणराव गटाचे अध्यक्ष. आंजीत कुणाचंच घर सापडलं नाही तर निदान अध्यक्षांकडे जाऊ दे, उद्या नीट करू, असा विचार होता. तो उद्या उगवलाच नाही. आणि 'काहीही'मध्ये सगळंच बसतं, त्यामुळे त्या ओळीच्या खाली लिहिलेल्या एकाही नव्या घरापर्यंत साईट पोचायची नाही. अन्नपूर्णाबाईंचं पान त्या ओळीखाली होतं. त्यांच्या ढेमशांचा पत्ता दाबला की लक्ष्मणरावांची वांगी समोर यायची. अन्नपूर्णाबाई महिनाभर लक्ष्मणरावांच्या बायकोशी, विमलाबाईंशी बोलल्या नव्हत्या. वांगी मुद्दाम आडवी आली असं त्यांना वाटलं होतं.

आता नागपूरची नोकरी आली होती. साईट बघायला लक्ष्मणरावांची सून वर्षाली तयार होती. फोटो आणि भाव तीच चढवायची. पण पत्ते म्हटलं की तिला गोपिकाला फोन करावा लागायचा. लक्ष्मणरावांनी फोनवर शांतपणे सांगितलं होतं, "हे पाय पोरी, एकीलेच चालवता येते असं दुकान आपल्याले नाई परवडत. तू जाशीन, दुसऱ्या दिवशी बंद पडन. शनिवारच्या सभेत वर्षालीनं सगळ्यायसमोर एक नवीन घर चढवून दाखवावं. जमलं तं चालू, नाई तं बंद. मंग आपले दलाल बरे."

म्हणजे शनिवारपर्यंत मुदत. ही फाईल वर्षालीला शिकवायची तर शनिवार पुढच्या वर्षीचा घ्यावा लागला असता.

गोपिकानं ती शिकवायची नाही असं ठरवलं. तिनं ती फेकायची ठरवली.


/आंजी/वर्षाली

"फडताळ आहे समज," गोपिका म्हणाली. आर्वीच्या बसनं ती आंजीला आली होती आणि लक्ष्मणरावांच्या घरापुढच्या छपरीत लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. "फडताळात एक कप्पा. कप्प्याचं नाव आंजी. कप्प्यात डबे. एका डब्याचं नाव लक्ष्मणराव. तर पत्ता काय?"

"आंजी, लक्ष्मणराव," वर्षाली म्हणाली.

"बस."

"बस म्हणजे?"

"बस म्हणजे बस. डबा जिथं ठेवला तोच त्याचा पत्ता. नियम लिहायचाच नाही. नवीन घर आलं की नवीन डबा ठेवायचा. घर गेलं की डबा काढायचा. आधी कोण, नंतर कोण, वर कोण, खाली कोण, काही भानगड नाही."

वर्षालीनं आंजीच्या कप्प्यात अन्नपूर्णाबाईंच्या घरचा डबा ठेवला, त्यांच्या नवऱ्याच्या नावानं. ढेमशाचा फोटो टाकला. मोबाईलवर पत्ता लिहिला. ढेमसं आली. वांगी आली नाहीत.

"झालं?"

"झालं."

वर्षालीनं लॅपटॉपकडं बघितलं, मग गोपिकाकडं.

"मंग इतके वर्सं तुमी काय करून राह्यल्या होत्या, ताई?"

गोपिका हसली, पण ते तिला लागलं थोडं.

एकच नियम तिनं ठेवला. तो तिला येताना बसमध्येच सुचला होता, कंडक्टर एका पेंगलेल्या माणसाशी बोलत होता तेव्हा. घर सापडलं नाही तर गावात सोडायचं. गाव सापडलं नाही तर फाट्यावर, साईटच्या पहिल्या पानावर. म्हणजे कुणी आंजीत नसलेलं घर टाकलं, तर आंजीतल्या सगळ्या घरांची नावं एकाखाली एक दिसतील, त्यातून आपलं आपण शोधावं. त्यापेक्षा जास्त काळजी कंडक्टरही घेत नाही.

जुन्या फाईलमधली घरं एकेक करून तिनं डब्यांत घातली. सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याच्या नावानं पान, असं गटात पहिल्यापासून ठरलेलं होतं. तेच नाव डब्याला. एकाच घराचे दोन-दोन, तीन-तीन पत्ते होते, ते तिनं कचरा म्हणून टाकून दिले. /आंजी/आचलचे-बाबा. /आंजी/नयनचे-बाबूजी. /आंजी/मोठ्या-विहिरीवाले. हे काय लिहून ठेवलंय आपण, असं तिला वाटलं, आणि ती पुढच्या ओळीकडं वळली.


/पिपरी-मेघे/नवरा

ज्ञानेश्वर.
घरात दोघंच असताना: ज्ञानू.
सासूबाईंसमोर: अहो.
बाहेरच्यांसमोर: आमचे हे.
एकच पान, चार पत्ते. गोपिकाला यात त्या आठवड्यापर्यंत काही खटकलं नव्हतं.


/आंजी/आचलचे-बाबा

सापडलं नाही. आंजीतली घरं खालीलप्रमाणे.


/वर्धा/बाजार

दुसऱ्या दिवशी सकाळी गोपिका मुद्दाम बाजारात गेली. आपलं काम चालताना बघावं, एवढीच हौस.

विमलाबाई नेहमीच्या जागी बसल्या होत्या. पुढ्यात हिरवी कॅरेटं, वर ओलं बारदान. साठीच्या आसपासची, बारीक अंगाची, डोक्यावर पदर आणि कानाला मोबाईल अशी ही बाई बाजारात सगळ्यांच्या ओळखीची होती. वावरात राबायचे दोघंही, पण विकणं, बोलणं, फोन घेणं हे खातं विमलाबाईंचं. लक्ष्मणरावांना गिऱ्हाइकाशी बोलायचा कंटाळा.

"ये वो गोपिका, बस. फोन हाये." आणि फोनमध्ये, "हो भाऊ, बोला."

पलीकडं कुणी नवा मेसवाला होता. आवाज इतका मोठा की स्पीकर लावायची गरज नव्हती. त्याला रोज वांगी पाहिजे होती. पान कोणतं ते विचारत होता.

"आंजी," विमलाबाई म्हणाल्या.

"आंजी उघडलं. आता?"

"आचलचे बाबा."

"मावशी, इथं आचलचे बाबा नाहीत. यादी आली. चंद्रभान आहे, तानबा आहे..."

"ते नाई. खाली पाय."

"खाली लई आहेत. नाव सांगा ना."

विमलाबाईंनी पुढ्यातल्या कॅरेटवरचं बारदान बाजूला सारलं आणि लाल रंगातल्या अक्षरांवर बोट ठेवलं. "हे पाय. हे. हे नाव." फोन कानाला आणि बोट कॅरेटवर, जसं काही पलीकडचा माणूस वाकून बघतोय.

"कोणतं, मावशी?"

"अरे हेच बाप्पा!" त्यांनी बोटानं कॅरेट ठोकलं.

शेजारी रुख्माबाई मेथीच्या जुड्या लावत होत्या. त्यांना हसू आवरेना. "घे वो विमल, घे नाव. लगनात घेतलं होतं तसं घे."

"गप वो तू."

"गिऱ्हाईक चाललं पाय."

विमलाबाईंनी पदर सारखा केला. फोन तोंडासमोर धरला, आणि एका दमात म्हणाल्या:

"हिरव्या कॅरेटात वांगी ठेवली जपून, लक्ष्मणरावाचं नाव घेते फोनात लपून!"

आजूबाजूच्या बाया टाळ्या पिटायला लागल्या. एक हमाल डोक्यावरचं पोतं सावरत थांबला. फोनमधला माणूस हसत हसत म्हणाला, "मावशी, मला फक्त नावच पाहिजे होतं."

"भेटलं ना आता? मंग ठेव."

फोन ठेवून त्या गोपिकाकडं वळल्या. चेहरा हसरा होता, पण डोळे नव्हते.

"आचलचे बाबा कुठं गेले वो?"

गोपिकाला तेव्हा कुठं कळलं की कचऱ्यात काय गेलं. आचल ही विमलाबाईंची थोरली, लग्न होऊन हिंगणघाटला गेलेली. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, म्हणून पोरीच्या नावानं. साईट सुरू झाली त्या महिन्यातच फोन आला होता: सांगता येत नाई, पण कायतरी करा. आणि तिनं केलं होतं. विमलाबाईंसाठी, मग रुख्माबाईंसाठी, मग आणखी कुणाकुणासाठी. करताना तिला मजा वाटली होती. टाकून देताना ओळखही पटली नाही.

"काकू, मी काढून टाकलं ते. चुकून."

"हो का." विमलाबाईंनी बारदान पुन्हा पसरलं. "मंग आता मी काय करू? रोज रोज उखाणा घेऊ? रोज काय लगन लागून राह्यलं माहं?"


/आंजी/चंद्रभान

यादी अक्षरांच्या क्रमानं लागायची, म्हणून चंद्रभानचं नाव सगळ्यात वर होतं. लोक यादीवर आले की खाली कोण बघतो. पहिल्यावर बोट जायचं. त्या आठवड्यात चंद्रभानची वांगी संपली, मग मिरच्या संपल्या, मग त्यानं घरी खायला ठेवलेला मुळाही गेला. तो फार खूश नव्हता. "इतकी गरदी मले नाई झेपत," असं त्यानं वर्षालीला सांगितलं.

विमलाबाईंची वांगी घरी परत आली. त्यांनी भरीत करून गल्लीत वाटलं. सांबार घालून, कांद्याची पात घालून, एकदम झकास भरीत. गोपिकालाही डबा आला, बसच्या ड्रायव्हरसोबत. सोबत चिठ्ठी नव्हती, निरोप नव्हता. नुसतं भरीत.

त्यापेक्षा बोलणी खाल्लेली परवडली असती.


/पिपरी-मेघे/गोपिका/पुन्हा

तिनं जुनी फाईल परत उघडली. वरून लिहायला लागली. /आंजी/आचलचे-बाबा, तर... मग रुख्माबाईंचं. मग मोठ्या विहिरीवाल्यांच्या घरचीचं. हळूहळू सगळे नियम पुन्हा उभे राहायला लागले, आणि कोण वर कोण खाली हेही आलंच.

वर्षालीला फोन लावला.

"मले हे शनवारी जमन का?" वर्षालीनं विचारलं.

"नाही जमणार."

"मंग दोन डबे ठेवू? एक बाबांच्या नावानं, एक आचलताईच्या बाबांच्या नावानं? माल सारखाच."

"एकातली साखर संपली तरी दुसऱ्यात आहेच असं दिसेल. तू रोज दोन्हीकडं बदलशील?"

"एखाद्या दिवशी इसरीन." वर्षाली प्रामाणिक होती. मग आवाज बारीक करून ती म्हणाली, "ताई, खरं सांगू? मी नवऱ्याले फोनवर ऋतिकच म्हणते. पण आई समोर असल्या की माह्या तोंडातून निंघतच नाई. 'हे' म्हणते. आई काही बोलत बी नाई. पण नाई निंघत."

स्वयंपाकघरातून ज्ञानेश्वर विचारत होता, साखर कुठं ठेवली.


/आंजी/सभा

शनिवारी लक्ष्मणरावांच्या छपरीत सतरंजी टाकलेली होती. एका बाजूला गडीमाणसं, एका बाजूला बाया, मधे स्टुलावर लॅपटॉप. वर्षाली त्याच्यामागं परीक्षेला बसल्यासारखी बसली होती. गोपिका भिंतीला टेकून. आज वर्षालीला जमलं नाही तर साईट बंद होणार, हे सगळ्यांना माहीत होतं.

लक्ष्मणरावांनी घसा साफ केला. उंच, वाकलेला, थोडक्यात बोलणारा माणूस. "अडचण अशी हाये, का बायायले पत्ता सांगता येत नाई. अन् पत्ता त्यायलेच सांगा लागते. तं नाव बदलून टाकू. सातबाऱ्यावरचा गट नंबर टाका. सरकारी काम, भानगडच नाई."

"तुमचा गट नंबर किती?" रुख्माबाईंनी विचारलं.

लक्ष्मणरावांनी वर आढ्याकडं पाहिलं. आढ्यावर लिहिलेला नव्हता.

"वावराचं नाव टाकू," गोपिका म्हणाली. हे तिनं आदल्या दिवशी ठरवून आणलं होतं. "प्रत्येक वावराला नाव असतंच. ते कुणालाही घेता येतं."

"आमचं लिंबाचं वावर," एक जण म्हणाला.

"आमचं बी लिंबाचंच," त्याचा भाऊ म्हणाला. "बिचातून बांधाचा धुरा गेला फक्त."

"अन् लिंब कोणाकडं राह्यलं?"

"लिंब तोडलं."

लोक हसले. गोपिकाही हसली, तिचा उपाय लिंबासोबत पडला होता.

"पोराचं नाव टाका मंग," मागून कुणीतरी. "नाई तं पोरीचं. नयन, आचल. सगळ्यायले माहीतच हाये."

"अन् ज्याले नाई, त्यानं?"

हे अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. त्या दाराजवळ बसल्या होत्या. त्यांना मूल नव्हतं. आवाज चढलेला नव्हता, पण पोरांच्या नावाची गोष्ट तिथंच संपली.

चहा आला. कपबशांचा आवाज झाला. वर्षाली लॅपटॉपकडं बघत राहिली. लक्ष्मणराव बशीत चहा ओतत म्हणाले, "मंग बंद करू. मी मनलं होतं का तुमाले..."

"माहं नाव टाक," विमलाबाई म्हणाल्या.

त्या चहाची किटली घेऊन उभ्या होत्या. सगळ्यांनी वर पाहिलं.

"तुमचं?" वर्षाली म्हणाली.

"विमलाबाई टाक. मले माहं नाव घेता येते."

इतकं साधं होतं ते. गोपिकाच्या सगळ्या फाईलमध्ये ते नव्हतं.

"सातबाऱ्यावर नाव माहं हाये," लक्ष्मणराव म्हणाले.

"राहू द्या ना. सातबारा कोण पाह्यला येते? वांगे घ्याले येते लोक."

"अन् मले कोणी फोन केला, तं मी काय सांगू?"

"जे लिहिलं ते सांगजा."

लक्ष्मणरावांनी बशी खाली ठेवली. बायांच्या बाजूला एक हलकंसं हसणं फिरलं. आख्ख्या आंजीत कुणी त्यांना बायकोचं नाव घेताना ऐकलं नव्हतं. ते 'आचलची माय' म्हणायचे. घरात नुसतं 'अवं'.

"आता कळन," रुख्माबाई म्हणाल्या, "नाव कसं अटकते ते."

मग वर्षालीनं सुरुवात केली. एकेका बाईनं आपलं नाव सांगायचं, वर्षालीनं डब्याचं नाव बदलायचं. काही जणींचा आवाज बारीक झाला, स्वतःचंच नाव उष्टं असल्यासारखा. एका म्हातारीनं आधी माहेरचं नाव सांगितलं, मग थांबली, मग तेच ठेव म्हणाली. अन्नपूर्णाबाईंनी आपलं नाव खणखणीत सांगितलं, आणि वर्षालीनं ते कसं लिहिलं ते उठून येऊन बघितलंही.

चंद्रभान एकटाच राहायचा. त्याचं नाव त्यालाच घ्यायचं होतं, म्हणून तो तसाच राहिला.

/आंजी/अन्नपूर्णा
/आंजी/चंद्रभान
/आंजी/रुख्माबाई
/आंजी/विमलाबाई

आणि मधली सगळी.

"आता वर मी," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या.

"लय चांगलं झालं," चंद्रभान म्हणाला, आणि ते त्याच्या मनापासून होतं.

शेवटी वर्षालीनं सगळ्यांसमोर एक नवीन घर चढवून दाखवलं: सभेला पहिल्यांदाच आलेली उज्ज्वला, दोन वाफे पालक. डबा ठेवला, फोटो टाकला. छपरीतल्या सगळ्या मोबाईलवर पालक आला. कुणी गोपिकाकडं पाहिलं नाही. तिला ते बरं वाटलं, आणि थोडं नाहीही वाटलं.


/आंजी/विमलाबाई

रात्री गोपिका आंजीलाच मुक्कामाला राहिली. सकाळी फाट्यावर आली तेव्हा लक्ष्मणराव आणि विमलाबाई माल घेऊन आधीच उभे होते. कॅरेटं एकावर एक रचलेली. गोपिकानं पाहिलं आणि परत पाहिलं. प्रत्येक कॅरेटच्या बाजूला पांढऱ्या रंगाचा चौकोन होता, चांगला वाळलेला, त्यावर लाल अक्षरं. अक्षरं शाळेतल्यासारखी, वेलांट्या जरा मोठ्या. विमलाबाई, आंजी.

वर्षाली तिला सोडायला आली होती.

"इतक्यात रंग कुठून आणला?"

"मले काय माहीत," वर्षाली म्हणाली. "आईले विचारा."

विचारायच्या आधी लक्ष्मणरावांचा फोन वाजला. त्यांनी तो हातभर लांब धरून पाहिला, नाइलाजानं कानाला लावला. तोच मेसवाला असावा; आवाज तसाच होता. पान बदललं होतं, जुना पत्ता टाकला की साईट गावाच्या यादीवरच सोडत होती.

"हो. आंजीच," लक्ष्मणराव म्हणाले. "नाई, ते नाव बदललं. आता... आता आचलच्या..."

ते थांबले. त्यांनी रस्त्याकडं पाहिलं. बस दिसत नव्हती. बायकोकडं पाहिलं, ती बारदानाची दोरी आवळत होती. मग त्यांची नजर कॅरेटवर गेली. ते जरा वाकले, आणि पहिलीतलं पोरगं धडा वाचतं तसं, एकेक अक्षर सुटं करत वाचलं:

"वि. म. ला. बाई."

विमलाबाईंचे हात दोरीवर थांबले. वर त्यांनी पाहिलं नाही.

"जोरानं बोला," त्या म्हणाल्या. "आवाज तिकडं गेला नाई."

"विमलाबाई!" लक्ष्मणराव फोनमध्ये ओरडले. फाट्यावरचा चहावाला वळला. झाडाखालची दोन माणसं वळली. "विमलाबाई, आंजी! लिहिलं का? हो. तेच."

फोन खिशात टाकून ते कॅरेटच्या पलीकडं जाऊन उभे राहिले, बसची वाट बघत, कान लाल.

बस आली. कॅरेटं टपावर चढली. गोपिकाला खिडकीची जागा मिळाली. पिपरी येईस्तोवर तिनं मांडीवरच लॅपटॉप उघडून जुनी फाईल पुसली, /आंजी/काहीहीसकट. साईटनं एकदा विचारलं, नक्की? तिनं हो म्हटलं. पुढच्या सीटवर विमलाबाई आणि लक्ष्मणराव एकमेकांशी न बोलता बसले होते, नेहमीसारखे.

पांढऱ्या रंगाचा डबा विमलाबाईंनी पोळ्यालाच, पत्त्यांचा हा घोळ व्हायच्याही आधी, आणून ठेवला होता, बैलांच्या शिंगांच्या रंगासोबत, त्याच दुकानातून.